बुलेटला दोष देण्याआधी

गेल्या मे महिन्यात पारोळ्याला एका लग्नात भाच्याने माझ्या गाडीकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मामा, हाई गाडी आते भंगारमा दी टाका." मंडपाबाहेर उभी असलेली माणसं हसली. भाचा मनाने चांगला आहे, माझ्या काळजीपोटीच बोलला. पण हे त्याचं एकट्याचं मत नाही. जळगावपासून धुळ्यापर्यंत गॅरेजात, पेट्रोल पंपावर, आरटीओच्या आवारात हेच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकत आलो आहे. जुनी बुलेट म्हणजे विलायती घडण, ती जन्मतःच नाजूक, तेल गाळणारच, रस्त्यात उभी राहणारच. भरवशाची करायची असेल तर आतलं सगळं उपसून नवं बसवा, नाहीतर अंगणात झाकून ठेवा आणि दसऱ्याला हार घाला. हे म्हणणं मला चुकीचं वाटतं, आणि नुसतं चुकीचं नाही, त्याने नुकसान झालं आहे. या एका समजुतीपायी खान्देशातल्या कितीतरी चांगल्या गाड्या किलोच्या भावाने गेल्या. म्हणून हा प्रतिवाद.

आधी विलायतीपणाचं पाहू. बुलेटची घडण इंग्लंडातल्या रेडिच गावची, हे खरं. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 च्या सुमारास, मागच्या चाकाला शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेली 350 ची बुलेट तिथे बाजारात आली. भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी तशा 800 गाड्या मागवल्या आणि त्यातून 1955 मध्ये मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला एनफिल्ड इंडियाचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला सुटे भाग तिकडून येत आणि इथे जुळणी होई. पुढे साचे आणि यंत्रंही आली आणि 1960 च्या दशकात गाडी पूर्णपणे इथेच बनू लागली. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला, पुढच्या तीन-चार वर्षांत इंग्लंडातली कंपनीच संपली. मद्रासचा कारखाना मात्र तेच इंजिन 2009-10 पर्यंत ओतत राहिला. माझ्या वडिलांनी घेतलेली गाडी 1978 ची. तिचा आराखडा इंग्लंडचा, पण लोखंड इथलं, हात इथले आणि रस्ता तर पहिल्या दिवसापासून एरंडोल-पारोळ्याचा. 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, 346 सीसी, अठराएक अश्वशक्ती.

आता कोणी म्हणेल, आराखडा एवढी वर्षं टिकला तो परवाना राज्यात दुसरी गाडी मिळत नव्हती म्हणून. यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. बाजार मोकळा असता तर कारखान्याने कितीतरी गोष्टी आधीच सुधारल्या असत्या. पण दुसरी गाडी मिळतच नव्हती हे खरं नाही. राजदूत होती, येझदी होती. तरीही रावेर-यावलचा केळीवाला आणि शिरपूर-साक्रीचा दूधवाला पैसे साठवून बुलेट घेत होता, कारण दोन कॅन दूध आणि मागे एक माणूस घेऊन ती चिखलातून दुसऱ्या गिअरमध्ये निघत असे. जी गाडी दर आठवड्याला रस्त्यात सोडून जाते, तिच्यावर दूधवाला धंदा उभा करत नाही.

तेल गाळण्याचा आरोप सगळ्यात जुना. इंग्रजी गाडी उभी असेल तिथे खाली तेलाचा डाग असणारच, असं आपल्याकडे डोळे मिटून सांगतात. याचं कारण शोधायला इंजिनाच्या पोटात जावं लागतं. पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या क्रँककेसमधली हवा दाबली जाते, आणि एका सिलिंडरच्या इंजिनात हा दाब प्रत्येक फेऱ्याला पडतो. ही हवा बाहेर जाण्यासाठी ब्रीदर आहे आणि त्याच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा एक छोटा रबरी व्हॉल्व्ह. हवा बाहेर जाऊ द्यायची, परत आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. उन्हातान्हात ते रबर काही वर्षांत कडक होतं, चोच चिकटते किंवा चिरते. मग दाबाला वाट उरत नाही आणि तो तेलाला जोडांतून बाहेर ढकलतो. अशा वेळी गॅरेजात काय करतात? टायमिंगचं झाकण उघडतात, नवी पॅकिंग आणि वर दोन्ही बाजूंनी जाड गोंद. महिन्याभरात तेल दुसऱ्या जोडातून. मग तोही जोड उघडायचा. उघडताना पेचकस घालून पृष्ठभागावर चरे पडतात आणि आता मात्र गळती खरंच कायमची होते. ब्रीदरच्या रबराची किंमत एका जेवणापेक्षा जास्त नाही. मी माझ्या गाडीला दर दोन वर्षांनी नवं लावतो. माझ्या ओट्यावर तेलाचा डाग नाही, कोणीही येऊन पाहावं.

इंग्रजी इंजिनांचे क्रँककेस उभे दुभागलेले असत आणि जपान्यांनी ते आडवे दुभागले, त्यामुळे तेलाच्या पातळीखाली जोड उरला नाही, हा मुद्दाही मला माहीत आहे. 1969 मध्ये होंडाची 750 आली आणि तिने इंग्रजी कारखान्यांना तेल न गाळणारं इंजिन म्हणजे काय ते दाखवलं. तो धडा खरा आहे. पण उभा जोड म्हणजे गळणारा जोड, हे त्यातून सिद्ध होत नाही. जोड सरळ असेल, दाबाला वाट असेल, नट बेताने आवळला असेल, तर तोच जोड वर्षानुवर्षं कोरडा राहतो.

आता "सगळं नवं करा" या मताकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. त्या लग्नानंतर तीनेक आठवड्यांनी भाच्याच्या मित्राचा रात्री दहाला फोन आला. गाडी पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना मुकटीच्या पुढे बंद पडली होती. ही गाडी मी पाहिलेली होती. आजोबांची बुलेट त्या पोराने एका गॅरेजातून नव्याने बांधून घेतली होती. चॅसी भट्टीत रंगवलेली, सगळी वायरिंग नवी, नवी बॅटरी, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवं कार्बोरेटर. खर्च किती झाला ते त्याने सांगितलं आणि ऐकून मला वाईट वाटलं. खड्ड्यात गेली की हेडलाइट मंद होई, अँपिअरचा काटा दोन्हीकडे नाचे, इंजिन फटफट करून बंद. गॅरेजवाल्याने त्याला फोनवर सांगितलं होतं, जुनी गाडी आहे, असं व्हायचंच.

मी पोचलो तेव्हा पोरगा ट्रकच्या धुळीत गाडीशेजारी बसलेला. टॉर्चच्या उजेडात सीटखाली पाहिलं. बॅटरीची अर्थ वायर चॅसीला जिथे बोल्टने धरली होती, तिथे खाली चकचकीत काळा रंग होता. जाड, गुळगुळीत, उत्तम मारलेला रंग. आणि रंगातून वीज जात नाही. जो काही प्रवाह जात होता तो बोल्टच्या आट्यांतून, जमेल तसा. हादरा बसला की तोही तुटे. बोल्ट काढला, खिशातल्या चाकूने पावलीएवढी जागा खरवडून पांढरं लोखंड उघडं केलं, वायरचं टोक घासलं, स्प्रिंग वॉशर घालून आवळलं, वर थोडं व्हॅसलीन लावलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि हेडलाइट असा पडला की समोरच्या बाभळीची पानं मोजता यावीत. हजारो रुपयांचे नवे भाग पावलीएवढ्या रंगावर अडकून पडले होते. त्यात आजोबांच्या गाडीचा काय दोष?

इलेक्ट्रॉनिक इग्निशन वाईट असतं असं मी म्हणत नाही. चांगल्या बॅटरीवर आणि नीट चार्जिंगवर ते पॉइंटपेक्षा स्थिर चालतं. पण जुन्या 6 व्होल्टच्या गाडीत चार्जिंग मुळातच बेताचं. त्यावर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा नवा डबा बसवला की संध्याकाळी दिवे लावून गावातून हळू जाताना व्होल्टेज पडतं आणि डबा ठिणगी देणं थांबवतो. इंग्लंडातून आलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत तर बॅटरीचं धन टोक चॅसीला असतं. ते न तपासता आजचा डबा जोडला की तो पहिल्याच दिवशी जळतो. आणि पॉइंट बिघडतात तेव्हा आधी सांगतात. सकाळी दोन किक जास्त लागतात, इंजिन मध्येच एखादा ठोका चुकवतं. कान असलेल्या माणसाला आठवडाभर आधी कळतं. रस्त्यात बंद पडलंच तर एमरी पेपरचा तुकडा, फीलर गेज, 0.35 ते 0.40 मिलिमीटरची फट, कंडेन्सर संशयास्पद असेल तर खिशातला दुसरा, आणि दहा मिनिटांत गाडी पुढे. डबा मात्र न सांगता जातो आणि बांभोरीच्या पुलावर त्याचं कोणी काही करू शकत नाही.

बदल करायचाच असेल तर माझा क्रम वेगळा आहे. पहिल्यांदा चार्जिंग आणि अर्थ. मी वडिलांची गाडी 12 व्होल्टवर नेली, चांगला रेग्युलेटर बसवला, प्रत्येक अर्थची जागा घासून पक्की केली आणि हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत चॅसीवर विसंबून न राहता वेगळी अर्थ वायर ओढली. पॉइंट मूळचेच ठेवले. इग्निशनच्या आतली, ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी दोन छोटी वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा साफ करून तेलाचा थेंब दिला, कारण ती गंजून अडकली की टायमिंग मागेच राहतं, इंजिन तापतं, किंवा पुढेच राहतं आणि किक उलटून पायावर येते. किती तरी लोक त्या उलट्या किकला घाबरून बुलेट विकतात. त्यांना कोणी सांगतच नाही की दोष दोन बोटांत मावणाऱ्या लोखंडाचा आहे.

किकचं निघालं म्हणून तेही सांगतो. चावी लावा, किक हळू हळू दाबत जा, अँपिअरचा काटा पाहा. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा काटा जरा डावीकडे झुकतो, उघडले की मध्ये येतो. तिथे थांबा, डिकॉम्प्रेशनचं लिव्हर ओढून किक जराशी पुढे न्या, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच, पूर्ण, शांत किक. माझ्या आईने ही गाडी अशी सुरू केलेली मी पाहिली आहे, आणि तिचं वजन पंचेचाळीस किलो होतं.

"सगळं नवं करा"वाल्यांची दुसरी आवड म्हणजे उघडा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर. मूळचा एअर फिल्टरचा डबा काढून कार्बोरेटरच्या तोंडाला जाळीचा गोळा लावायचा, म्हणजे गाडी श्वास घेते म्हणे. श्वास कशाचा? चैत्र-वैशाखात आपल्या शेतरस्त्यांवर घोट्याएवढा फुफाटा असतो. काळ्या मातीचा हा पिठासारखा कण रिंगा आणि सिलिंडरच्या मध्ये गेला की एमरी पेपरचं काम करतो. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याच्या गाडीचं सिलिंडर मी पाहिलं, दोन उन्हाळ्यांत घासून निळा धूर द्यायला लागलेलं. त्याच्या वडिलांनी त्याच गाडीवर, मूळच्या फिल्टरवर, वीस वर्षांत एकदा रीबोअर केलं होतं. सायलेन्सरचं तर काय सांगायचं. बाहेर जाण्याची वाट मोकळी केली आणि जेट तसाच ठेवला की मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण जास्त तापतं, आणि भुसावळचा पारा 45 च्या वर असताना हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ते सोसत नाही. पाइप निळा पडलेला दिसला की समजावं. शिवाय कारखान्याने ठरवून दिलेल्या रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच सांगितलं. राज्यात किती शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोलरखाली घातले ते आपण पाहिलं.

याच गटात एका जुन्या प्रयोगाची आठवण येते. पेट्रोल महागलं तेव्हा शेतीपंपाचं डिझेल इंजिन बुलेटच्या चॅसीत बसवून देणारे लेथवाले गावोगावी होते. कारखान्यानेही टॉरस नावाची डिझेल बुलेट काढली होती, 325 सीसीचं ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचं इंजिन, साडेसहाच्या आसपास अश्वशक्ती. तिचा मायलेज खरा होता, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण घरगुती जोडकामाच्या गाड्यांत त्या इंजिनाच्या हादऱ्यांनी चॅसीच्या कानांना तडे गेलेले मी स्वतः वेल्ड करून घेतले आहेत. एका यंत्राची दुबळी बाजू सुधारताना दुसऱ्या बाजूवर किती भार येतो, हे ज्याने मोजलं नाही त्याने सुधारणा केली असं म्हणू नये.

पण मी फक्त नव्याच्या भक्तांवर टीका करून थांबलो तर तो अर्धा प्रतिवाद होईल. दुसऱ्या टोकाला शुद्धतेचे उपासक आहेत. त्यांच्या मते मूळच्या गाडीत एक वॉशरही बदलणं पाप. त्यांचं एक समर्थन कायद्यातून येतं. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या पाटीवर नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. ज्याला ते हवं त्याने जरूर करावं. माझी गाडी त्या हिशेबात अजून व्हिंटेज झालेलीही नाही, आणि झाली तरी मला तिला पाटीत अडकवायचं नाही. ती बाजाराला जाते, गिरणेच्या पलीकडे शेतावर जाते. दर पाच वर्षांनी मी नोंदणीचं नूतनीकरण करतो, पर्यावरण कर भरतो. रोज चालणाऱ्या गाडीत मूळच्या नमद्याच्या ऑइल फिल्टरऐवजी कागदाचा चांगला फिल्टर घालणं, मागच्या दिव्याला ब्रेकचा ठळक प्रकाश देणं, हादऱ्याने सुटणाऱ्या नटांना नायलॉनची पकड असलेले नट लावणं, यात कसला भ्रष्टाचार? कारखान्याने गाडी विकताना ती काचेच्या पेटीसाठी विकली नव्हती.

क्रँकपिनचाही असाच वाद आहे. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला तरंगता बुश आहे, रोलर बेअरिंग नाही. बुश तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल आणि दाब नीट असतील तर तो भरपूर चालतो. नसतील तर खडखडाट सुरू होतो आणि मग लोक म्हणतात, बुश हीच चूक, रोलर घाला. रोलरचा पर्याय चांगला आहे, मी आडवा येणार नाही. पण बुश का गेला ते आधी शोधा. नव्वद टक्के वेळा चौथ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने चढ चढवणारा चालक सापडेल, किंवा वर्षानुवर्षं न बदललेलं काळं तेल, किंवा तेलाच्या पंपाकडे कोणी पाहिलेलंच नसेल. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच मागच्या पोटात आहे, दोन-सव्वादोन लिटरची, आणि टायमिंगच्या बाजूला दोन पंप, एक तेल देणारा, एक परत आणणारा. रॉकरचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं की तेल वर पोचतंय की नाही हे डोळ्यांनी दिसतं. पाच मिनिटांचं काम. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हेच तेल पंपातून झिरपून खाली क्रँकमध्ये साचतं, मग सुरू करताना पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट निघतो आणि मालक म्हणतो, रिंगा गेल्या. रिंगा शाबूत असतात. गाडी चालवली नाही, एवढंच झालेलं असतं.

आणि पाने. हा विषय कोणी बोलत नाही, म्हणून मी मोठ्याने बोलतो. जुन्या बुलेटचे बहुतेक नट-बोल्ट इंग्रजी मापाचे, व्हिटवर्थ पान्याचे. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड 0.525 इंच, म्हणजे 13.3 मिलिमीटर. गॅरेजात पाने एमएमचे. 13 चा बसत नाही, 14 चा सैल बसतो. मिस्त्री 14 चा लावून जोर करतो, नटाचे कोपरे जातात. पुढच्या वेळी पकड, त्यापुढच्या वेळी छिन्नी. तीन-सोळांश पानाही तसाच, 11 आणि 12 च्या मध्ये. हे वर्षानुवर्षं झालं की गाडीतला एकही नट नीट आवळला जात नाही, हादऱ्याने सगळं सैल होतं, आणि मग तीच गाडी "खिळखिळी विलायती" ठरते. इंग्रजी मापाच्या सहा-सात पान्यांचा एक संच पुरतो. माझ्या वस्तादांकडे तो कापडी पट्टीत गुंडाळलेला असे आणि दुसऱ्याच्या हातात ते तो देत नसत. लहानपणी मला ते हट्टीपणाचं वाटायचं. आता मीही देत नाही.

टॅपेटचंही त्यांनीच शिकवलं. इंजिन रात्रभर थंड झाल्यावरच टॅपेट लावायचं, पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आज गिऱ्हाईक उन्हातून गाडी घेऊन येतं, घाई असते, गरम इंजिनावरच टॅपेट लागतं. तापलेलं सिलिंडर आणि हेड वाढलेलं असतं. थंड झाल्यावर फट उरतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आग त्याच्या कडेवरून जाते आणि व्हॉल्व्ह जळतो. सकाळी गाडी सुरू होत नाही. पुन्हा दोष कोणाचा? म्हणे जुन्या इंजिनाचा.

पेट्रोलबद्दल मात्र मी टीकाकारांच्या बाजूने आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ज्या भागात ऊस आणि मका पिकतो तिथल्या माणसाने इथेनॉलला विरोध करावा असं मी म्हणणार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं, पेट्रोलच्या तोटीतला बूच सडवतं. हा त्रास खराच नवा आहे आणि त्याला उपायही नवाच लागतो. इथेनॉल सोसणारी नळी, तोटीतल्या बुचाऐवजी दुसरं सील, आणि गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचं फ्लोट-बाऊल रिकामं. इथे मूळचं तेच ठेवा म्हणणारा शुद्धतावादी स्वतःच्या टाकीत गंज पोसतो आहे.

चौपदरी झालेल्या रस्त्यांबद्दलही एक गोष्ट मान्य करावी लागेल. तरसोद-फागणे टप्प्यावर आता गाड्या शंभरने जातात आणि पोरांना बुलेटनेही शंभर हवेत. हे इंजिन त्यासाठी बनलेलं नाही. साठ-पासष्टवर ते दिवसभर चालेल, शंभरवर तासाभरात आवाज बदलेल. त्याला तिची दुर्बलता म्हणायची असेल तर म्हणा. बैलगाडीला कोणी ट्रकचा वेग मागत नाही, आणि मागितला तर दोष मागणाऱ्याचा. माझ्या वडिलांनी जळगाव-धुळे हे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर नेहमी दोन टप्प्यांत केलं, पारोळ्याला चहा आणि इंजिनाला वीस मिनिटं सावली. मीही तसंच करतो.

मला सगळ्यात जास्त दुःख आहे ते वस्तादांच्या जाण्याचं. जळगावात, धुळ्यात, अमळनेरला, चाळीसगावला दगड ठेवल्यासारखे एका जागी बसून आवाजावरून रोग सांगणारे मिस्त्री होते. ते म्हातारे झाले, त्यांची पोरं दुसऱ्या कामांना लागली, त्यांची जागा भाग बदलणाऱ्यांनी घेतली. भाग बदलणं हे दुरुस्तीपेक्षा सोपं आणि जास्त पैसे देणारं आहे, म्हणून "सगळं नवं करा" हे मत पसरलं. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गातली पोरं स्कॅनर चालवतात, ते आवश्यकही आहे. पण फीलर गेज हातात धरून फट जाणवणं, हे त्यांना एकदा तरी शिकवा. तुमच्या गावात असा एखादा वस्ताद अजून बसत असेल, तर त्याच्याकडे एक पोरगा पाठवा. दोन वर्षांनी कदाचित तो वस्ताद नसेल.

भाच्याला मी लग्नात उत्तर दिलं नाही. आता देतो. रविवारी सकाळी सहाला ये, जेवण करून येऊ नकोस. इंजिन त्या वेळी थंड असतं, टॅपेट तेव्हाच लावता येतं. पाने माझे, पण या वेळी हात तुझा लागेल. लावून झालं की धुळ्याला जाऊ, परतीला हँडल तू धर.